तिरपे तांत्रिक अक्षरांकन

तिरपे तांत्रिक अक्षरांकन : अभियांत्रिकी आरेखनांवर मापे, टिपा व शीर्षके लिहिण्यासाठी प्रमाणित केलेले, गोल टोकांचे, एकसारख्या जाडीचे आणि उजवीकडे कललेले सेरिफविरहित (टोकांना आडवे फाटे नसलेले) रोमन अक्षरवळण. जर्मनीत अशा तिरप्या अक्षरांचे डीआयएन १६ हे मानक १९१९ मध्येच निघाले होते. पुढे आंतरराष्ट्रीय पातळीवर आयएसओ ३०९८ आणि भारतात आयएस ९६०९ ही मानके आली. दोन्हींत उभे वळणही मान्य आहे.

या अक्षरांचे सौंदर्य त्यांच्या साधनांतून आलेले आहे. नळीसारख्या टोकाच्या पेनाने ओढलेली शाईची रेषा जिथे थांबते तिथे आपोआप अर्धवर्तुळ उमटते आणि तीच टोकांची गोलाई होय. अक्षरांचा कल आडव्या रेषेशी ७५ अंशांचा असतो. ४५ अंशांचा आणि ३०-६० अंशांचा असे दोन गुण्ये जोडून ठेवले की नेमका हाच कोन मिळत असल्याने, त्याच्या मार्गदर्शक रेषा आखायला वेगळे उपकरण लागत नाही.

मापांची योजना तर विशेष विचारपूर्वक केलेली आहे. सर्वाधिक प्रचलित ‘बी’ प्रकारात रेषेची जाडी मोठ्या अक्षराच्या उंचीच्या एक दशांश असते. लहान अक्षरांनाही तीच जाडी ठेवलेली असल्यामुळे लिहिताना पेन बदलावे लागत नाही. उंची २.५, ३.५, ५, ७, १० मिमी अशा क्रमाने, म्हणजे दर टप्प्याला सुमारे १.४ पटीने वाढते आणि ए-मालिकेतील कागदांच्या बाजूही याच प्रमाणात वाढतात. त्यामुळे ए१ आकाराचे आरेखन ए२ वर लहान केले, तर ७ मिमीची अक्षरे जवळपास ५ मिमीची आणि ०.७ मिमीच्या रेषा ०.५ मिमीच्या होतात; त्या प्रतीवर दुरुस्ती करायला पुढच्या लहान मापाचे पेन व स्टेन्सिल तंतोतंत जुळतात. रॉटरिंगसारख्या कंपन्यांच्या पेनांवर जाडीनुसार ठरावीक रंगाचे कडे असे : ०.३५ साठी पिवळे, ०.५ साठी तपकिरी, ०.७ साठी निळे.

संगणकीय आरेखनातही हे वळण टिकले. ऑटोकॅड या आरेखनाच्या संगणकप्रणालीच्या एसएचएक्स फाँटमध्ये अक्षराची फक्त मध्यरेषा साठवलेली असते व जाडी नंतर दिली जाते. अशी मध्यरेषा उभ्या दिशेपासून १५ अंशांनी (म्हणजे आडव्या रेषेशी ७५ अंशांवर) कलवली तरी रेषेची जाडी आणि टोकांची गोलाई अबाधित राहते. याउलट बाह्यरेषांनी बनलेला नेहमीचा फाँट यांत्रिकपणे तिरका केला, तर टोके लंबवर्तुळाकार होतात आणि उभ्या रेषा बारीक पडतात. म्हणून गोल टोकांच्या फाँटचे तिरके रूप स्वतंत्रपणे काढणेच योग्य ठरते. धातूच्या पट्टीवर अक्षरे कोरणाऱ्या यंत्रांनाही असे फक्त मध्यरेषेचे, म्हणजे एकरेषीय, फाँट सोयीचे पडतात, कारण फिरते हत्यार मध्यरेषेवरून एकदाच जाते आणि त्याच्या व्यासानेच अक्षराची जाडी व टोकाची गोलाई ठरते.