एक मोजा काढ की!

कॅनडातल्या ऑटवात माझ्या पहिल्या जानेवारीत मी पायांत दोन जाड लोकरी मोजे चढवायचो, एकावर एक. बूट मात्र एका मोज्याच्या मापाचे. बसथांब्यावर दहा मिनिटांत बोटं बधिर व्हायची आणि घरी आल्यावर त्यांत जीव परतताना अशी कळ यायची की डोळ्यांत पाणी. आमच्याच इमारतीत वीसेक हिवाळे काढलेले एक काका होते. बूट घालताना माझी चाललेली झटापट बघून ते म्हणाले, "अरे, एक मोजा काढ की!" काढला. पाय गरम राहायला लागले.

लोकर स्वतः ऊब देत नाही, ऊब आपल्याच अंगाची असते. लोकरीचं काम एवढंच, की धाग्यांच्या मधली हवा हलू द्यायची नाही. हवेतून उष्णता फार सावकाश वाहते, पाण्याच्या मानाने जवळजवळ पंचवीस पट कमी. घट्ट बुटात दुसरा मोजा कोंबला, की ती हवा पिळून निघते, शिवाय रक्तवाहिन्याही दाबल्या जातात. आजीच्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर असायचे ते याचसाठी. खरी ऊब त्या थरांमध्ये अडकलेल्या हवेची. इथले लोक कपड्यांचे थर घालतात ते आणखी एका सोयीसाठी. भराभर चालताना घाम आला, तर हवेच्या जागी पाणी येतं आणि सगळंच मुसळ केरात. म्हणून अंग तापायच्या आधीच जॅकेटची चेन खाली ओढायची. हे अंगवळणी पडायला मला दोन हिवाळे लागले.

वाऱ्याचं कोडंही याच हवेचं. आपल्या कातडीलगत कोमट हवेचा एक पातळ पदर असतो, वारा तोच पळवून नेतो. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल या दोन अमेरिकी संशोधकांनी १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला अंटार्क्टिकात पाणी भरलेला प्लास्टिकचा डबा वाऱ्यात टांगून ते गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं होतं, आणि त्यावरून वाऱ्याच्या गारठ्याचं सूत्र बसवलं होतं. पण माणूस म्हणजे काही पाण्याचा डबा नव्हे. म्हणून २००१ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेने नवं सूत्र घेतलं, त्यासाठी स्वयंसेवकांना थंडगार वाऱ्याच्या बोगद्यात ट्रेडमिलवर चालवलं. त्या सूत्राने उणे १० तापमान आणि ताशी ३० किलोमीटर वारा मिळून कातडीला उणे २०सारखे लागतात. सकाळी तापमानाआधी मी वारा बघतो तो यामुळे. उणे १५ची निवांत, उन्हाची सकाळ उणे १०च्या घोंघावणाऱ्या दुपारपेक्षा किती तरी सुसह्य असते.

आता शरीराचं. "आपण उष्ण देशातले, आपल्याला नाही जमायचं" हे वाक्य मराठी घरांत इतक्यांदा ऐकलंय, की ते खरंच वाटायचं. २०१३ मध्ये नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी १७ जणांना दहा दिवस, रोज सहा तास, १५-१६ अंशांच्या खोलीत बसवलं. दहा दिवसांनी त्यांचं कुडकुडणं कमी झालं, तीच खोली त्यांना कमी गार वाटू लागली आणि त्यांच्या तपकिरी चरबीचं काम वाढलेलं दिसलं. ही चरबी साठवणीची नव्हे, जळून उष्णता देणारी. ती फक्त तान्ह्या बाळांत टिकते असा बराच काळ समज होता, तो २००९ मध्ये मोडला. सतरा जणांचा प्रयोग छोटाच, मान्य. पण नोव्हेंबरात १० अंशाला काकडणारे आम्ही मार्चमध्ये त्याच १० अंशाला जॅकेट काढून फिरतो, ते उगीच नव्हे.

मला स्वतःला थंडीपेक्षा अंधाराने जास्त छळलं. डिसेंबरच्या शेवटी इथला दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा, साडेचारच्या आत सूर्य मावळलेला. डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत, की त्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नाही. उजेड किती आहे ते मेंदूच्या घड्याळाला कळवणं. घरातला दिवा या पेशींच्या हिशेबात फारच मिणमिणता: दोनतीनशे लक्स (लक्स हे उजेडाचं माप). बाहेर ढगाळ दुपार असली, तरी हजारांत मोजावा लागेल इतका प्रकाश असतो, आणि खाली बर्फ असलं तर तेही उजेड परतवतं. मी डबा खाल्ल्यावर अर्धा तास बाहेर चालायला लागलो, तेव्हा दुपारची ती मरगळ बरीच कमी झाली. ज्यांचं हिवाळ्यातलं औदासीन्य याहून खोल असतं, त्यांनी मात्र डॉक्टरांकडेच जावं. तिथे फेरफटका पुरत नाही.

आणि मग कालवा. रिडो कालव्याचं पाणी गोठलं, की शहराच्या मधोमध ७.८ किलोमीटर लांबीची स्केटिंगची वाट तयार होते. लोक पाठीला दप्तर लावून त्यावरून कामाला जातात. बर्फ निसरडं का असतं, याचं शाळेतलं उत्तर (वजनाच्या दाबाने ते वितळतं) अपुरं आहे. बर्फाच्या अगदी वरच्या थरातले रेणू मुळातच सैल बांधलेले, सहज हलणारे असतात. घर्षण सगळ्यात कमी असतं ते उणे ७च्या आसपास. त्याहून फार गार झालं, तर तेच रेणू आखडतात. उणे २५ला स्केट घसरण्याऐवजी खरवडत जातात, हे माझ्या गुडघ्यांना पाठ आहे.

कालवा उघडायला बर्फ निदान ३० सेंटिमीटर जाड लागतं. १९७०-७१ पासून ते दरवर्षी जमत आलं होतं. २०२२-२३च्या हिवाळ्यात प्रथमच एक दिवसही जमलं नाही. त्या वर्षी संक्रांतीला आमच्याकडे पन्नासेक माणसं जमली. दाराशी ओल्या बुटांचा ढीग, आत काळ्या साड्या. तीळगूळ हातावर ठेवताना, कोरड्या हवेमुळे, बोटाबोटांत बारीक ठिणगी उडत होती. काका खिडकीपाशी उभे राहून तापमान बघत होते. "छे," ते म्हणाले, "थंडीच पडत नाही रे यंदा."