सशर्त ग्रीनकार्ड : अर्ज प्रलंबित असताना कामाचा हक्क

विवाहाच्या आधारे अमेरिकेत कायम वास्तव्याचा दर्जा मिळाला आणि त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसली, तर मिळणारे ग्रीनकार्ड सशर्त असते आणि त्याची मुदत दोनच वर्षांची असते. बनावट विवाहांना आळा घालण्यासाठी १९८६ साली झालेल्या कायद्याने ही पद्धत आणली. मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासातून ‘सीआर-१’ व्हिसा घेऊन जाणाऱ्या नवविवाहितांना हेच कार्ड मिळते. नोकरी करण्यासाठी त्यांना वेगळा परवाना लागत नाही.

कार्ड संपण्याआधीच्या ९० दिवसांत पती-पत्नींनी मिळून कार्डावरची अट काढून टाकण्यासाठी आय-७५१ हा अर्ज करायचा असतो. बोलताना सगळे याला ‘रिन्यूअल’ म्हणतात, पण दहा वर्षांचे कार्ड बदलून घेण्याचा आय-९० अर्ज इथे चालत नाही. अर्जासोबत संयुक्त बँक खाते, घराचा भाडेकरार, कर विवरणपत्रे, मुलांचे जन्मदाखले असे एकत्र संसाराचे पुरावे जोडतात. निकाल लागायला कार्डाच्या मुदतीपेक्षा कितीतरी अधिक काळ जाऊ शकतो, आणि नोकरदार माणसाची खरी ओढाताण याच काळात होते.

कायद्याची बाजू मात्र स्पष्ट आहे. कामाचा हक्क कायम रहिवाशाच्या दर्जातून येतो. कार्ड हा त्या दर्जाचा पुरावा. अर्ज मुदतीत पोहोचला की नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभाग, म्हणजे यूएससीआयएस, आय-७९७ ही पोचनोटीस पाठवतो आणि तिच्यातच दर्जा वाढवून दिल्याचे लिहिलेले असते. ही वाढ पूर्वी १२ महिन्यांची असे, २०१८ मध्ये ती १८ महिन्यांवर गेली, आणि जानेवारी २०२३ पासून ४८ महिने करण्यात आली. हे महिने नोटिशीच्या तारखेपासून नव्हे, कार्डावर छापलेल्या अंतिम तारखेपासून मोजायचे. जुने कार्ड आणि नोटीस ही जोडी एकत्र दाखवली की नोकरी आणि परदेशातून परतणे, दोन्हींसाठी पुरावा होतो. म्हणून मुदत संपली तरी जुने कार्ड टाकून देऊ नये. नोटीस हरवली किंवा वाढीव मुदतही संपत आली, तर विभागाकडे मागणी करून पासपोर्टवर तात्पुरता शिक्का घेता येतो. तो साधारणपणे एक वर्षापर्यंत चालतो.

अडचण बहुधा कंपनीच्या एचआर विभागात येते. नोकरीवर घेताना कामाचा हक्क तपासण्यासाठी भरलेल्या आय-९ फॉर्मच्या वेळी ज्याने चालू ग्रीनकार्ड दाखवले, त्याच्याकडून ते संपल्यावर पुन्हा कागद मागायचे नसतात, आणि सशर्त रहिवाशांनाही हाच नियम लागू आहे. तरीही संगणकावर मुदतीची तारीख झळकते आणि ‘नवे कार्ड आणा, नाहीतर पगार थांबेल’ असा निरोप येतो. भेदभावाने असा विशिष्ट कागदाचाच आग्रह धरणे कायद्याने मना आहे. न्याय खात्याच्या स्थलांतरित व कर्मचारी हक्क विभागाकडे १८० दिवसांच्या आत तक्रार करता येते.

संसार मोडलेल्यांसाठी हा विषय अधिक नाजूक आहे. जोडीदार सही करत नाही म्हणून दर्जा जाणार, ही भीती अनेक विवाहितांना घरातला अन्याय सोसायला लावते. प्रत्यक्षात घटस्फोट झाला असेल, छळ झाला असेल, जोडीदाराचा मृत्यू झाला असेल किंवा देश सोडावा लागल्यास टोकाचे हाल होणार असतील, तर दोघांनी मिळून अर्ज करण्याच्या अटीतून सवलत मागून एकट्याने अर्ज करता येतो, आणि त्यासाठी ९० दिवसांची वाट पाहावी लागत नाही. या अर्जाच्या पोचनोटिशीनेही कामाचा हक्क चालू राहतो. छळाच्या प्रकरणात पत्रव्यवहारासाठी वेगळा सुरक्षित पत्ता देता येतो. ही सोय फार मोलाची आहे, कारण ती महत्त्वाची नोटीस एरवी नेमकी त्याच घराच्या टपालपेटीत पडली असती.

अर्जच केला नाही तर दुसऱ्या वर्षअखेर दर्जा आपोआप संपतो. उशीर झाल्यास सबळ कारण लेखी द्यावे लागते. अर्ज नामंजूर झाला तर प्रकरण स्थलांतर न्यायालयात जाते. तिथे न्यायाधीश त्या निर्णयाचा फेरविचार करू शकतात, आणि देशाबाहेर काढण्याचा अंतिम आदेश होईपर्यंत तात्पुरत्या शिक्क्यावर काम करता येते.