कातळातले पाणी आणि शेजार

इंदूरच्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून, विंध्याचा चढ चढून येते. हे पाणी शहरात आणावे यासाठी झालेल्या १९७० च्या आंदोलनात उतरलेल्या पिढीला हे सांगावे लागत नसे. १९७८ मध्ये ते पाणी शहरात आल्यानंतर जन्मलेल्यांना मात्र सांगावे लागते. हे पाणी जिथून उचलले जाते तो मंडलेश्वरजवळचा जलूदचा नदीकाठ समुद्रसपाटीपासून साधारण १५० मीटरवर, तर इंदूर साधारण ५५० मीटरवर आहे. पंपात जराही ऊर्जा वाया जात नाही असे मानले, तरी १,००० लिटर पाणी ४०० मीटर उचलण्यास एक युनिटहून अधिक वीज लागते, आणि वाटेतला घाट व नळांतील घर्षण धरले तर ती बरीच वाढते.

म्हणूनच पायाखालच्या पाण्याची किंमत मोठी आहे. माळव्याचा खडक म्हणजे लाव्हारसाच्या थरांचा काळा बेसाल्ट. अखंड कातळात पाणी मुरत नाही. ते वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यांत साठते. अशा खडकाच्या आकारमानाच्या २ टक्केच पाणी हाती लागते असे धरले, तर जमिनीत २ सेंटीमीटर पाणी मुरले की विहिरीची पातळी १ मीटर चढते आणि तेवढेच उपसले की १ मीटर उतरते. एका घराने खोल बोअरिंग घेतल्यावर त्याच भेगेवरची शेजाऱ्याची विहीर का आटते, याचे उत्तर या हिशेबात आहे. त्यामुळे पाण्याचे नियोजन घरागणिक करणे मला अपुरे वाटते. ते आळीने किंवा कॉलनीने मिळून करायला हवे.

इंदूरला वर्षाकाठी सरासरी ९०० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे १०० चौरस मीटरच्या गच्चीवर किमान ९० हजार लिटर पाणी येते. पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे आणि उरलेले वाळू-खडीतून गाळूनच जमिनीत सोडावे, कारण न गाळलेले पाणी थेट बोअरिंगमध्ये गेले तर घाण भेगांवाटे सगळ्या आळीच्या पाण्यात पसरते.

इंदूरच्या रामबागेसारख्या जुन्या वस्तीत सुरुवात मोजमापाने करता येईल: मे अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये, आदल्या रात्रीपासून उपसा थांबवून, प्रत्येक विहिरीच्या काठापासून पाण्याच्या पातळीपर्यंतची खोली वजन बांधलेल्या टेपने मोजून एकाच वहीत नोंदवायची.