गर्भाचे वय

गर्भाचे वय गर्भ राहिल्याच्या दिवसापासून नव्हे, तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भ कधी राहिला हे सहसा कळत नाही, पाळीची तारीख मात्र सांगता येते. त्यामुळे पाळी चुकून आठवडा झाला की केसपेपरवर पाच आठवडे लिहिले जातात. प्रत्यक्षात गर्भ तीनच आठवड्यांचा असतो. नव्या लग्नात हे दोन जादा आठवडे घरच्यांना समजावून सांगावे लागतात.

प्रसूतीची अपेक्षित तारीख 280 व्या दिवशी धरतात. जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावाचा नियम सोपा आहे : पाळीच्या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवायचे. 10 जून 2025 ची पाळी असेल, तर 17 मार्च 2026. बरोबर 280 दिवस. 10 मार्चची असेल, तर 17 डिसेंबर येते आणि दिवस भरतात 282, कारण मध्ये आखूड फेब्रुवारी येत नाही. नियमात 28 दिवसांचे चक्र गृहीत आहे. पाळी नेमाने 35 दिवसांनी येत असेल, तर तारीख सात दिवस पुढे न्यावी.

तारीख आठवत नसेल, तर सणवार विचारावा. ‘संक्रांतीला बाजूला होते, हळदीकुंकू हुकलं’ हे उत्तर ‘जानेवारीत कधीतरी’पेक्षा कितीतरी पक्के. फसगत होते ती अंगावर पाजताना पाळी न येताच दिवस गेले तर, गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच बंद केल्या असतील तर, किंवा गर्भ रुजतानाचे थोडेसे डाग पाळी समजले गेले तर. या शेवटच्या चुकीत जवळजवळ चार आठवडे कमी मोजले जातात. ‘पाचवा लागला’ आणि ‘पाचवा सरला’ यांत महिन्याचा फरक असतो, म्हणून नोंद आठवड्यांतच करावी.

सर्वांत भरवशाची तारीख पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीची. तिच्यात गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात. 9 ते 13 आठवड्यांत पाळीच्या हिशेबाशी सात दिवसांहून जास्त फरक आला, तर सोनोग्राफीची तारीख धरतात. एकदा ठरलेली तारीख पुढे बदलत नाहीत. आठव्या महिन्यातल्या रिपोर्टवर वेगळी तारीख छापून येते, ती बाळाच्या आकारमानावरून. बाळ बारीक असेल, तर ती पुढे जाते. तिच्यावर विसंबून तारीख बदलली, तर बाळाची खुंटलेली वाढ नजरेआड होते.

सोनोग्राफी नसेल, तेथे पोट तपासून अंदाज घेतात. गर्भाशयाचा वरचा काठ 12 आठवड्यांना ओटीपोटाच्या हाडावर जेमतेम हाताला लागतो, 24 ला बेंबीशी, 36 ला छातीच्या हाडाच्या टोकाशी येतो. चाळिसाव्या आठवड्यात डोके खाली सरकल्याने तो पुन्हा उतरतो. 24 नंतर ओटीपोटाच्या हाडापासून काठापर्यंत टेपने मोजलेले सेंटिमीटर साधारण आठवड्यांइतके भरतात, दोन इकडे-तिकडे. मोजण्याआधी लघवी करून यायला सांगावे. भरलेल्या मूत्राशयाने काठ वर ढकलला जातो. जुळे किंवा गर्भजल जास्त असेल, तर हा अंदाज चुकतो.