मांजर

मार्जार कुलातील खऱ्या अर्थाने माणसाळलेला एकमेव प्राणी. शास्त्रीय नाव फेलिस कॅटस. कुत्र्याला माणसाने जवळ केले, मांजर बहुधा आपल्या पायाने आले. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, साठवलेल्या धान्यावर उंदीर जमले आणि त्यांच्या मागावर आफ्रिकी रानमांजर (फेलिस लिबिका) वस्तीपर्यंत पोचले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. या बेटावर मांजरे मुळात नव्हती, म्हणजे ते होडीतूनच आणलेले असणार.

माणसाळले तरी त्याचे शरीर एकट्याने शिकार करणाऱ्याचेच राहिले. टॉरीन हे द्रव्य मांजराला स्वतःच्या शरीरात पुरेसे तयार करता येत नाही, ते मांसातूनच मिळते. न मिळाल्यास दृष्टी अधू होते, हृदय कमकुवत होते. गोडी ओळखणारे जनुक निकामी असल्याने साखर त्याला कळतच नाही. मांजराला दूध मानवते ही समजूतही अर्धीच खरी आहे. पिल्लांना आईचे दूध पचते, मोठ्या मांजरांपैकी अनेकांना गाईच्या दुधाने जुलाब होतात. डोळ्याची बाहुली उजेडात उभ्या रेघेएवढी बारीक होते आणि अंधारात मोठी होते. दृष्टिपटलामागचा चकचकीत थर निसटलेला प्रकाश परतवतो, म्हणून रात्री डोळे चमकतात. उंचावरून उताणे पडणारे मांजर पायांवर उतरते ते टप्प्याटप्प्याने : आधी डोके वळते, मग पुढचे अंग, शेवटी मागचे. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एत्येन-झ्यूल मारे यांनी १८९४ मध्ये सलग छायाचित्रे घेऊन हे दाखवले.

आजच्या बहुतेक जाती गेल्या दीडशे वर्षांतल्या. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरलेल्या मांजरांच्या प्रदर्शनानंतर जाती जोपासण्याची हौस वाढली. कुत्र्यांच्या मानाने फरक वरवरचा, म्हणजे केस, रंग आणि चेहऱ्याची ठेवण एवढाच. सयामी मांजरातले रंगद्रव्य बनवणारे विकर थंडाव्यातच नीट चालते, त्यामुळे कान, तोंड, पाय, शेपूट ही गार टोके तेवढी काळवंडतात. पिवळा रंग एक्स गुणसूत्रावर ठरत असल्याने आणि ते मादीत दोन, नरात एकच असल्याने काळे-पिवळे मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. काही जातींची किंमत मात्र जनावराला मोजावी लागते. स्कॉटिश फोल्डचे गोंडस दुमडलेले कान हा कूर्चेचा दोष आहे. तोच सांध्यांतही उतरून वेदना देतो. अशी पैदास मुद्दाम करणे समर्थनीय नाही.

प्राचीन इजिप्तमध्ये बास्टेट देवीला मांजरांच्या ममी वाहत. त्याच ममी १८९० मध्ये जहाजभर लिव्हरपूलला नेऊन खत म्हणून विकल्या गेल्या! जपानमधले पंजा उंचावलेले मांजर भरभराट आणते असे मानतात. युरोपात काळ्या मांजराचा संबंध चेटकिणींशी जोडला गेला, ब्रिटनमध्ये मात्र अनेक जण तेच शुभ समजतात. आपमतलबी हा शिक्का सगळीकडे सारखाच. त्याचा पूर्वज कळपात राहत नव्हता, हे तिथे विसरले जाते. शिवाय मोठी मांजरे एकमेकांना उद्देशून क्वचितच म्याऊ करतात. तो आवाज मुख्यतः माणसासाठी असतो.