मिलिमीटर आणि ओल : पाऊस मोजणे वेगळे, कोरडेपणा नोंदणे वेगळे

पर्जन्यमापकात सलग आठ दिवस शून्य आले, तर एका शिवारात त्याला 'उघडीप' म्हणतात आणि शेजारच्या शिवारात 'खंड'. जिथे झड लागून राहिल्यामुळे खुरपणी आणि कोळपणी अडून पडली होती, तिथे हीच आठ शून्ये हवीहवीशी असतात. जिथे मुरमाड जमिनीत नुकतीच पेरणी झाली होती, तिथे ती दुबार पेरणीची चाहूल घेऊन येतात. आकडा तोच, परिस्थिती उलट. हौसेने पावसाची आणि भोवतालाची नोंद ठेवणारे स्वयंसेवक ज्या दोन गोष्टींची सर्वाधिक गल्लत करतात, त्या याच आहेत : आकाशातून किती पडले याची नोंद आणि जमिनीवर काय झाले याची नोंद. दोन्ही पावसाबद्दलच असल्यामुळे एक केली की दुसरी आपोआप होते असा समज होतो, आणि त्यातून दोन्ही नोंदी बिघडतात.

हा फरक व्यवस्थेतच उतरवून दाखवणारे उत्तम उदाहरण अमेरिकेतील कोलोराडो राज्यात घडले. २८ जुलै १९९७ रोजी फोर्ट कॉलिन्स या शहराच्या एका भागात काही तासांत एक फुटाहून अधिक पाऊस कोसळून पूर आला आणि पाच जणांचा मृत्यू झाला. त्याच शहराच्या दुसऱ्या भागात मात्र बेताचाच पाऊस झाला होता. विरळ अंतरावरील सरकारी केंद्रांना असा फरक टिपता येत नाही, हे ओळखून तेथील हवामानतज्ज्ञ नोलन डोस्कन यांच्या पुढाकाराने १९९८ मध्ये परसदारी पर्जन्यमापक लावणाऱ्या नागरिकांचे जाळे उभे राहिले. 'कोकोरॉझ' या नावाने ओळखले जाणारे हे जाळे पुढे अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत आणि कॅनडातही पसरले. तिथे स्वयंसेवकाला रोजच्या पावसासाठी एक अर्ज आणि जमिनीवरील परिस्थितीसाठी दुसरा, वेगळा अर्ज असतो. एकाच वहीत हे दोन्ही का बसवले नाहीत, याचे उत्तर दोन्ही नोंदींचा स्वभाव पाहिल्यावर मिळते.

पाऊस मोजणे हे मोजमाप आहे, आणि त्यात मताला जागा नाही. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सपाट जमिनीच्या दर चौरस मीटरवर १ लिटर पाणी. भारतीय हवामान विभागाच्या साध्या पर्जन्यमापकाचे तोंड १०० किंवा २०० चौरस सेंटिमीटरचे असते. त्यामुळे पहिल्यात १ मिलिमीटर पावसाचे १० मिलिलिटर पाणी साठते आणि दुसऱ्यात २०. प्रत्येक तोंडासाठी खुणा आखलेले मोजपात्र वेगळे असते, आणि मोठ्या तोंडाच्या यंत्राचे पाणी लहान तोंडाच्या मोजपात्राने मोजले तर पाऊस थेट दुप्पट होतो. कोकोरॉझच्या प्लास्टिकच्या यंत्राचे तोंड चार इंच व्यासाचे असते आणि आतली नळी त्याच्या एकदशांश क्षेत्रफळाची असल्याने पाण्याची उंची दसपट दिसते. म्हणून पाव मिलिमीटरइतका पाऊसही डोळ्यांनी वाचता येतो. सरळ कडांची बाटली वापरून घरी केलेले यंत्रही वाईट नसते, पण जिचा तळ निमुळता किंवा फुगीर आहे अशा बाटलीत पट्टी बुडवून काढलेला आकडा कोणत्याच कामाचा नाही.

यंत्रापेक्षाही जागा अधिक चुकते. आपल्याकडे पर्जन्यमापकाची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच ठेवतात, आणि जवळचे झाड किंवा भिंत त्या कडेहून जितकी उंच असेल त्याच्या दुप्पट अंतर तरी सोडावे असा नियम आहे. गच्चीवर वाऱ्याने थेंब तोंडावरून वाहून जातात, नारळाखाली झावळ्या पाऊस अडवतात आणि पन्हाळीजवळ छपराचे पाणी आत उडते. ज्याच्या अंगणात एवढी मोकळी जागा नाही त्याने शेजाऱ्याचे अंगण मागावे. चुकीच्या जागी दहा वर्षे निष्ठेने ठेवलेली नोंद ही दहा वर्षांची चूकच असते.

वेळेचेही तसेच. भारतात दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि तो मोजणीच्या तारखेला लिहितात. २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस सर्वांच्या स्मरणात त्या तारखेने आहे, पण सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर हे २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचे आहेत. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर पाऊस झाला. एका शहराच्या दोन टोकांत एवढा फरक पडतो, तर अनेक गावे मिळून होणाऱ्या महसूल मंडळातील एका यंत्राचा आकडा प्रत्येक गावाला लागू पडेल अशी अपेक्षा कशी करावी? चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की मंडळात अतिवृष्टी धरली जाते आणि नुकसानभरपाईचे पंचनामे त्यावर अवलंबून असतात. त्यामुळे यंत्र एका गावात आणि ढग दुसऱ्या गावावर, ही तक्रार नुसत्या गप्पांची नाही.

या नोंदीत शून्याला फार किंमत आहे. रकाना रिकामा ठेवला तर पाऊस पडला नाही की मोजणारा गावाला गेला होता, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही. चार थेंब पडून यंत्रात मोजण्याजोगे पाणी साठले नसेल तर शून्य न लिहिता 'नाममात्र' लिहावे, आणि तीन दिवस बाहेर राहून परतल्यावर साठलेले पाणी 'तीन दिवसांचे मिळून' म्हणूनच नोंदवावे. त्याचे तीन सारखे भाग करणे म्हणजे न पाहिलेला पाऊस कल्पनेने पाडणे होय. जाता जाता एवढेही सांगायला हवे की, मोबाइलवरील गटांत ज्याला सर्रास 'ढगफुटी' म्हटले जाते त्यातील बहुतेक पाऊस साधा जोरदार पाऊस असतो. साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या भागावर तासाभरात १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला, तरच हवामान विभाग त्याला ढगफुटी म्हणतो.

परिस्थितीची नोंद याच्या अगदी उलट वळणाची आहे. तिला यंत्र नाही, ती रोजची नाही, आणि तिच्यात निरीक्षकाचा निवाडा टाळता येत नाही, किंबहुना तोच हवा असतो. कोकोरॉझमध्ये स्वयंसेवकाने शक्यतो आठवड्यातून एकदा सात पायऱ्यांपैकी एक निवडायची असते : तीव्र कोरडे, मध्यम कोरडे, किंचित कोरडे, नेहमीसारखे, किंचित ओले, मध्यम ओले आणि तीव्र ओले. त्यासोबत तो निवाडा कशावरून केला ते दोन-चार वाक्यांत लिहायचे : माती, पीक, गवत, ओढा, विहीर, जनावरांचा चारा. येथे कळीचा शब्द 'नेहमीसारखे' हा आहे. त्याचा अर्थ 'छान' असा नाही, तर 'या जागी, वर्षाच्या या दिवसांत एरवी असते तसे' असा आहे. माण तालुक्यात एप्रिलमध्ये ओढा आटलेला असणे हे नेहमीसारखेच आहे. आंबोलीला ऑगस्टमध्ये झरा बारीक होणे हे नाही. म्हणून बाहेरून नव्याने राहायला आलेल्या माणसाला पाऊस पहिल्या दिवसापासून अचूक मोजता येतो, पण परिस्थितीची नोंद विश्वासार्ह व्हायला त्याला तिथे काही ऋतू काढावे लागतात.

मराठी शेतकऱ्याकडे या कामासाठी लागणारी भाषा आधीपासून तयार आहे, आणि माझ्या मते ती सात पायऱ्यांपेक्षा अधिक नेमकी आहे. वाफसा (पेरणी-मशागतीजोगी ओल) आला की नाही, ओल किती बोटे गेली, वरची ओल खालच्या ओलीला भिडली का, पाऊस नुसता भुरभुरला की शेतातून पाणी वाहिले, पिकाने दुपारी माना टाकल्या आणि सकाळी पुन्हा उचलल्या की सकाळीही ते मलूलच होते : यातील प्रत्येक वाक्य नोंद म्हणून मोलाचे आहे. 'फार वाईट परिस्थिती आहे' हे वाक्य मात्र नोंद म्हणून निरुपयोगी आहे, कारण त्यातून भावना कळते, माती कळत नाही. विहिरीची पातळी काठापासून दोरीने मोजता आली तर उत्तमच, फक्त उपसा सुरू असताना मोजू नये.

परिस्थितीच्या नोंदीतही शून्यासारखीच एक कंटाळवाणी पण अनमोल गोष्ट आहे, ती म्हणजे सगळे ठीक असतानाची नोंद. कोकोरॉझमध्ये पूर्वी दुष्काळाच्या परिणामांचा अर्ज असे, आणि स्वाभाविकच लोक तो दुष्काळ जाणवू लागल्यावरच भरत. २०१६ मध्ये त्याच्या जागी नियमित परिस्थितिनोंद आली, कारण बऱ्या दिवसांतील नोंद नसेल तर वाईट दिवस किती वाईट आहेत हे ठरवायला आधारच उरत नाही. अमेरिकेत दर आठवड्याला दुष्काळाचा नकाशा तयार करणारे तज्ज्ञ पावसाचे आकडे, जमिनीतील ओलावा आणि नद्यांचे प्रवाह यांच्या जोडीला या नोंदीही वाचतात.

आता मुख्य प्रश्न : पावसाच्या आकड्यावरून कोरडेपणा काढता का येत नाही? कारण आकड्यात वाटणी दिसत नाही. जूनमध्ये २०० मिलिमीटर पाऊस दोन दिवसांत पडला किंवा पंधरा दिवसांत पडला, महिन्याची बेरीज तीच राहते. पहिल्यात बहुतांश पाणी ओढ्याने निघून जाते, दुसऱ्यात ते मुरते. त्यातही भारी काळी जमीन ओल धरून ठेवते, मुरमाड जमीन चार दिवसांत सोडून देते. दख्खनच्या पठाराचा कातळ भेगांपुरतेच पाणी साठवतो, त्यामुळे चांगल्या पावसाळ्यानंतरही विहीर फाल्गुनात तळाला जाऊ शकते. शिवाय ऊन, वारा आणि मागच्या वर्षीची शिल्लक यांपैकी काहीच पर्जन्यमापकात पडत नाही.

२०२३ चा पावसाळा याचे ठळक उदाहरण आहे. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. देशभराचा पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी होता. सप्टेंबरच्या पावसाने तूट बरीच भरून निघाली आणि हंगामाची बेरीज सरासरीच्या ९४ टक्क्यांवर गेली. आकड्यांपुरते पाहणाऱ्याला हंगाम थोडक्यात निभावला असे वाटेल, परंतु ज्या सोयाबीनला फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना पाणी मिळाले नाही त्याला सप्टेंबरच्या पावसाचा उपयोग नव्हता, आणि महाराष्ट्र शासनाने त्या वर्षी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनेही हा भेद मानला आहे. तिच्यात पहिली कळ, म्हणजे पुढची तपासणी सुरू करणारा निकष, पावसाची आहे : पावसाची तूट किती, आणि सलग तीन ते चार आठवडे प्रत्येकी सरासरीच्या निम्म्याहून कमी पाऊस होऊन खंड पडला का. त्यानंतर पेरणीचे क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा आणि जलसाठे हे परिणाम पाहायचे, आणि शेवटी निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी करायची. आकडा शंका उत्पन्न करतो; खात्री जमिनीवर होते.

या दोहोंच्या शेजारी आणखी एक नोंद असते, ती म्हणजे ऋतूंची. तिचा येथे थोडक्यात उल्लेख पुरे, कारण ती अनेकदा परिस्थितीच्या नोंदीत मिसळली जाते. भारतातील 'सीझनवॉच' या उपक्रमात स्वयंसेवक ठरावीक झाड निवडून दर आठवड्याला त्याची पालवी, फुले आणि फळे 'नाहीत, थोडी, पुष्कळ' अशी नोंदवतात. ही नोंद एकाच झाडाशी वर्षानुवर्षे बांधलेली असते. 'पळस फुलला' ही ऋतुनोंद आहे. तिच्यावरून माती कोरडी आहे की ओली, हे ठरत नाही. बहावा बहरला की अमुक दिवसांनी पाऊस येतो ही समजूत, किंवा 'पेरते व्हा' असे ओरडणारा पावशा पक्षी ऐकून पेरणीची तिफण बाहेर काढण्याची रीत, यांतील लोकज्ञान तपासून पाहायचे असेल तर तारखा आणि मिलिमीटर वेगवेगळ्या रकान्यांत हवेत. दोन्ही एकात मिसळल्यावर तपासायला काही राहत नाही. पेरणीसाठी कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्याची वाट पाहायला सांगतो, पावशाची नाही.

व्यवहारात सर्वांत मोठा मोह असतो तो दोन नोंदी जुळवून घेण्याचा. पीक सुकलेले दिसते म्हणून मोजणाऱ्याच्या डोळ्याला १२ चे १० दिसतात, किंवा सकाळी ३० मिलिमीटर लिहिले म्हणून संध्याकाळी माती न उकरताच 'ओले' लिहिले जाते. म्हणून परिस्थितीची नोंद ठरलेल्या वारी, त्याच वाटेने फेरी मारून, पावसाची वही न उघडता लिहावी हे बरे. मग एखाद्या आठवड्यात एका वहीत '४२ मिमी' आणि दुसरीत 'ओल चार बोटे, विहीर काठापासून मागच्या रविवारइतकीच खाली, ओढ्याला पाणी नाही' असे दिसले, तर काहीही खोडू नये. पाऊस पडला आणि विहिरीपर्यंत पोहोचला नाही, हेच त्या आठवड्यात घडलेले असते.