कळतं, पण ऐन वेळी वळत नाही

एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जाणारी अवस्था) असलेल्या मुलाचे मित्र का टिकत नाहीत? "त्याला वागायचं कसं ते शिकवलंच नाही," हे उत्तर बडोद्यातल्या घराघरांत ऐकू येतं, आणि ते चूक आहे. अशा मुलाला शांत बसवून विचारा: पाळी कोणाची? मध्येच बोलावं का? तो बिनचूक सांगेल. अडतं ते ऐन खेळात.

का अडतं, हे मोजायची एक सुंदर रीत आहे. पडद्यावर बाण दिसला की बटण दाबायचं, पण लगेच 'पीं' वाजलं तर हात आवरायचा. लोगन आणि कोवन या संशोधकांनी १९८४ मध्ये याचं गणित मांडलं. मेंदूत 'दाब' आणि 'थांब' यांची शर्यत लागते, आणि आधी पोचणारी आज्ञा जिंकते. 'थांब'चा वेग डोळ्यांना दिसत नाही, कारण हात थांबला की मोजायला काही उरत नाही. म्हणून 'पीं' थोडं थोडं उशिरा वाजवत नेतात. मूल निम्म्या वेळा थांबतं आणि निम्म्या वेळा चुकतं, तिथे शर्यत बरोबरीत आली. समजा बटण दाबायला सरासरी ५५० मिलिसेकंद लागतात आणि 'पीं' बाणानंतर ३०० वर वाजतं, तर 'थांब'ला २५० लागले. एडीएचडीत हा वेळ सरासरीने लांबतो. (गटाची सरासरी आहे ही, एकट्या मुलाचं निदान यावरून होत नाही.)

कॅरममध्येही असंच घडतं. हात स्ट्रायकरवर आधी पडतो, 'पाळी माझी नव्हती' हे मागून आठवतं. त्यामुळे दवाखान्यात पाठ केलेला नियम गच्चीवर पोचत नाही. आठवण खेळाच्या जागी, खेळाआधी मिनिटभर द्यावी लागते. डोळ्यांवर पट्टी बांधून 'मिडब्रेन' (मेंदूचा मधला भाग) जागा करण्याचा दावा करणाऱ्या शिबिरांनी यातलं काहीही होत नाही. तिथली मुलं पट्टीखालच्या फटीतून बघतात. ते पैसे वाचवा.

घरी खेळायला मित्र एकच बोलवा, तिघांत एक जण बाहेर पडतो. शक्यतो वर्गाबाहेरचा, वाड्यातला किंवा सोसायटीतला निवडा, कारण वर्गात नाव खराब व्हायला एक दिवस पुरतो आणि ते पुसायला फार वेळ जातो. पहिली भेट पाऊण तासाची ठेवा. जे खेळणं मुलाला वाटून घेता येत नाही, ते आधीच कपाटात. टीव्ही, मोबाइल बंद. मुलाला एकच लक्ष्य द्या: "आज दोनदा विचारायचं, तुला काय खेळायचंय?" पाहुण्यासमोर रागावू नका, स्वयंपाकघरात बोलावून एक वाक्य सांगा, परत पाठवा. रंगात असतानाच भेट संपवा, आठवड्याभरात पुन्हा बोलवा.

उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांची, भरलेली गच्ची पहिल्या भेटीला नको. आठवडाभर आधी संध्याकाळी दोघांना एकच पतंग आणि साधा दोरा द्या, काचेचा मांजा नको. एक उडवतो, दुसरा फिरकी धरतो, दर दहा मिनिटांनी घड्याळ लावून अदलाबदल. कॅरममध्ये वाट बघणाऱ्याचे हात रिकामे असतात, इथे नसतात. ढील द्यायला उशीर झाला की दोरा ताणतो, गुंडाळायला उशीर झाला की पायाशी गुंता होतो. 'लक्ष दे' हे आईला सांगावं लागत नाही, दोराच सांगतो.